डेटाबेसची नित्य निगा आणि प्लॅनरची आकडेवारी : प्रस्तावना

एसक्यूएलमध्ये काय हवे ते लिहिता येते. ते कुठल्या वाटेने आणावे हे लिहिता येत नाही. 'गेल्या महिन्यात ज्यांचे वीजबिल थकले त्या ग्राहकांची नावे आणि पत्ते' एवढीच मागणी डेटाबेसपुढे जाते. आधी बिलांचे टेबल उघडायचे की ग्राहकांचे, सबंध टेबल पहिल्या पानापासून वाचायचे की इंडेक्सवरून नेमक्या ओळी गाठायच्या, दोन टेबले एकमेकांशी कशी जुळवायची, हे सारे डेटाबेसमधला क्वेरी प्लॅनर ठरवतो. मोठ्या टेबलांवर बरी वाट आणि वाईट वाट यांतला फरक दुप्पट-तिपटीवर थांबत नाही. एक सेकंदाच्या आत संपते आणि दुसरी रात्रभर चालते. हा निर्णय घेताना प्लॅनर टेबलातल्या ओळी जवळजवळ पाहतच नाही. आधी कधीतरी काढून ठेवलेली आकडेवारी त्याच्यासमोर असते आणि तिच्याच आधारे तो अंदाज बांधतो. ती आकडेवारी ताजी ठेवणे आणि टेबलात साचलेल्या मृत ओळींची जागा वेळच्या वेळी मोकळी करणे, ही डेटाबेसच्या नित्य निगेतली दोन मुख्य कामे. ती वरवर वेगळी दिसतात, पण एकाच यंत्रणेतून चालतात आणि एकाच कारणाने रखडतात.

खर्चाचा अंदाज बांधून वाट निवडण्याची कल्पना आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत, सिस्टिम आर या प्रकल्पात आकाराला आली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आजच्या बहुतेक प्लॅनरांचा आराखडा सापडतो. प्रत्येक टेबलात किती ओळी आहेत आणि प्रत्येक इंडेक्समध्ये किती वेगवेगळी मूल्ये आहेत हे नोंदवून ठेवायचे, त्यावरून प्रत्येक अट किती ओळी गाळेल हे काढायचे आणि सर्वांत स्वस्त वाट घ्यायची. आकडेवारी नसेल तेव्हा काय, याचेही उत्तर त्या निबंधात होते: समानतेच्या अटीला एक दशांश, 'यापेक्षा मोठे' अशा अटीला एक तृतीयांश. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तो एक तृतीयांश आजही आहे. आकडेवारी नसलेल्या कॉलमवर 'यापेक्षा मोठे' अशी अट घातली की प्लॅनर ३३ टक्के ओळी गृहीत धरतो, मग प्रत्यक्षात तिथे तीन ओळी असोत की तीन कोटी.

पुढील विवेचन पोस्टग्रेसक्यूएलच्या आधाराने केले आहे. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल यांतही आकडेवारी गोळा होते, तीही शिळी होते आणि तिच्या नूतनीकरणाचे नियम प्रत्येकाचे आपापले आहेत. पण पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही सारी यंत्रणा उघड्यावर आहे. प्लॅनरला काय दिसते ते कोणालाही साध्या क्वेरीने पाहता येते, खर्चाचे दर बदलता येतात आणि मूळ कोड वाचता येतो. विषय शिकण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण नाही.

प्लॅनरचा हिशोब एका लहान उदाहरणाने स्पष्ट होतो. एका टेबलात १ कोटी ओळी आहेत आणि ८ किलोबाइटच्या एका पानात १०० ओळी बसतात असे धरू. म्हणजे १ लाख पाने. मूळ दरांप्रमाणे क्रमाने वाचलेल्या पानाचा खर्च १, इकडून तिकडे उडी मारून वाचलेल्या पानाचा ४, प्रत्येक ओळ हाताळण्याचा ०.०१ आणि प्रत्येक तुलनेचा ०.००२५. सबंध टेबल वाचायचे तर पानांचे १ लाख, ओळींचे १ लाख आणि तुलनांचे २५ हजार, मिळून सव्वादोन लाख. अटीत बसणाऱ्या ओळी ५०० असतील तर इंडेक्सवरून जाण्याचा खर्च दोन हजारांच्या आसपास येतो. निवड उघड आहे. पण त्या ओळी १ लाख असतील आणि टेबलभर विखुरलेल्या असतील, तर त्यांच्यासाठी साठ-पासष्ट हजार वेगवेगळ्या पानांवर उड्या माराव्या लागतात आणि खर्च अडीच लाखांवर जातो. एकूण ओळींपैकी एकच टक्का हवा असूनही साधी इंडेक्सची वाट तोट्यात जाते. पानांची यादी आधी करून ती क्रमाने वाचण्याची एक मधली पद्धतही आहे, बिटमॅप स्कॅन. तिचा हिशोब निराळा. मुद्दा असा की ५०० आणि १ लाख यांत कोणता आकडा खरा, यावर सगळे ठरते, आणि तो आकडा क्वेरी चालण्याच्या आधी हवा असतो.

तो आकडा ॲनालाइझ या आदेशाने जमवलेल्या नोंदींतून निघतो. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक कॉलमसाठी पुढील गोष्टी नोंदवून ठेवते: रिकाम्या मूल्यांचे प्रमाण, मूल्याची सरासरी लांबी, वेगवेगळ्या मूल्यांची संख्या, सर्वाधिक वेळा येणाऱ्या मूल्यांची यादी व प्रत्येकाचे प्रमाण, उरलेल्या मूल्यांचा हिस्टोग्राम, आणि डिस्कवरचा क्रम मूल्यांच्या क्रमाशी कितपत जुळतो ते सांगणारा उणे एक ते एक यांमधला एक आकडा. हिस्टोग्रामचे कप्पे समान रुंदीचे नसतात. प्रत्येक कप्प्यात साधारण सारख्याच ओळी येतील अशा सीमा निवडलेल्या असतात. यादीची कमाल लांबी आणि कप्प्यांची कमाल संख्या मुळात १०० असते. २००९ मधल्या ८.४ आवृत्तीच्या आधी ती अवघी १० होती, आणि त्या काळी वाईट वाटांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच असे. गरज पडल्यास एखाद्या कॉलमपुरती ती १०,००० पर्यंत वाढवता येते.

हे सगळे काढण्यासाठी सबंध टेबल वाचले जात नाही. मर्यादेच्या ३०० पट, म्हणजे मूळ मांडणीत ३०,००० ओळींचा नमुना यादृच्छिक पद्धतीने उचलला जातो. ३०० हा गुणक सुरजित चौधरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांच्या १९९८ मधल्या निबंधातून आला आहे. हिस्टोग्राम अमुक इतका अचूक हवा असेल तर नमुना किती मोठा लागतो, हा त्या निबंधाचा प्रश्न होता. टेबल वाढले तरी लागणारा नमुना फारच हळू वाढतो असे त्यात दिसून आले. म्हणूनच काही लाख ओळींचे टेबल असो की काही अब्जांचे, ॲनालाइझला वाचावी लागणारी पाने फार तर ३०,००० असतात आणि ते काम मिनिटांत आटोपते. ते चालू असताना टेबलातले वाचणे-लिहिणेही थांबत नाही. आकडेवारी ताजी ठेवणे महागडे असते हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार, आणि भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर ती परीक्षा खरी ठरते. वेगवेगळ्या मूल्यांची संख्या मात्र थोड्या शितांवरून सांगणे फार अवघड असते. १० कोटी ओळींच्या टेबलात ५० लाख वेगवेगळे ग्राहक आहेत असे धरू. एकाच ग्राहकाच्या ओळी एकापाठोपाठ एक, त्याच पानांवर पडल्या असतील, तर नमुन्यात तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा दिसतात आणि अंदाज खऱ्या संख्येच्या कितीतरी खाली येतो. असा कॉलम ओळखून संख्या हाताने बांधून देता येते. ती उणे ०.०५ अशी दिली की प्लॅनर 'एकूण ओळींच्या पाच टक्के' असा तिचा अर्थ घेतो आणि टेबल वाढेल तसा आकडा आपोआप वाढवतो. ही सोय फार थोड्या ठिकाणी वापरलेली दिसते. मोठ्या टेबलांवर ती वापरण्याजोगी आहे.

आकडेवारी शिळी झाल्यावर होणारे नुकसान क्वचितच हळूहळू वाढत जाते. बहुधा ते एका रात्रीत समोर येते. समजा, बिलांच्या टेबलात 'स्थिती' नावाचा कॉलम आहे आणि त्यात आजवर चारच मूल्ये आली आहेत: तयार, पाठवले, भरले, थकीत. चारही नेहमीच्या मूल्यांच्या यादीत बसली आहेत आणि त्यांच्या प्रमाणांची बेरीज पूर्ण एक भरते. एके दिवशी 'फेरतपासणी' ही पाचवी स्थिती सुरू होते आणि पहिल्याच दिवशी २ लाख बिले तिच्यात जातात. 'स्थिती फेरतपासणी असलेली बिले' असे विचारल्यावर प्लॅनर आपल्या यादीत पाहतो. यादीत हे मूल्य नाही, यादीबाहेर काही उरलेलेही नाही. म्हणून तो त्याच्या सर्वांत लहान अंदाजावर येतो: एक ओळ. एका ओळीसाठी हॅश जॉइनची तयारी करणे उधळपट्टीच ठरेल, म्हणून तो नेस्टेड लूप निवडतो: बाहेरची प्रत्येक ओळ घ्यायची आणि आतल्या टेबलात तिची जोडी शोधायची. एका ओळीसाठी ही वाट अगदी योग्य आहे. ती दोन लाख वेळा चालावी लागते, आणि आतल्या बाजूला कामाचा इंडेक्स नसेल तर आतले सबंध टेबल दोन लाख वेळा वाचले जाते. या क्वेरीत चूक नाही, सर्व्हर कमी पडलेला नाही आणि प्रोग्रामही काल होता तोच आहे. एक ॲनालाइझ चालवले की क्वेरी पूर्ववत होते. पण हे ठाऊक नसलेले लोक दिवस-दिवस नेटवर्क आणि डिस्क तपासत बसतात. तो वाया जाणारा वेळ पाहिला की या विषयाचे शिक्षण किती कमी दिले जाते याची खंत वाटते.

लहान चूक मोठी कशी होते यावर संशोधनही झाले आहे. जॉइनची साखळी लांबत जाते तशी अंदाजातली चूक घातांकी वेगाने वाढू शकते, हे योआनिडिस आणि ख्रिस्तोडोलाकिस यांनी १९९१ मध्ये दाखवले. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबीच्या चित्रपटविषयक खऱ्या माहितीवर ११३ क्वेरी चालवून अनेक डेटाबेसांचे प्लॅनर तपासले. खर्चाचे दर थोडे इकडेतिकडे असण्याने फारसे बिघडत नाही, ओळींच्या संख्येचा अंदाज चुकण्याने बिघडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून मंद क्वेरीची तपासणी एक्सप्लेन ॲनालाइझच्या उत्तरापासून सुरू करावी. त्यात प्रत्येक पायरीवर अंदाजलेल्या आणि प्रत्यक्ष निघालेल्या ओळी शेजारी छापलेल्या असतात. तळापासून वर वाचत जावे. अंदाज आणि वास्तव जिथे पहिल्यांदा शेकडो पटींनी दुरावतात, तिथे रोगाचे ठिकाण सापडते.

एक प्रकारची चूक मात्र कितीही वेळा ॲनालाइझ चालवले तरी जात नाही. दोन कॉलमांवर अटी असतील तर प्लॅनर त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे समजून त्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करतो. पत्त्यांच्या टेबलात जिल्हा 'पुणे' असलेल्या ओळी दहांत एक आणि पिनकोड ४११०३० असलेल्या ओळी हजारांत एक आहेत असे मानू. दोन्ही अटी एकत्र घातल्या तर प्लॅनरच्या लेखी दहा हजारांत एक ओळ उरते, म्हणजे १ कोटीपैकी १,०००. वास्तवात हा पिनकोड पुण्याच्या सदाशिव पेठेकडचा आहे; तो लिहिला की जिल्हा पुणेच असणार, दुसऱ्या अटीने काहीच गाळले जात नाही, आणि खऱ्या ओळी १०,००० आहेत. राज्य हा तिसरा कॉलम जोडला की अंदाज आणखी खाली जातो. यावर २०१७ मधल्या १०व्या आवृत्तीत विस्तारित आकडेवारी आली. क्रिएट स्टॅटिस्टिक्स या आदेशाने 'हे कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत' असे डेटाबेसला कळवता येते आणि पुढच्या ॲनालाइझला त्यांची एकत्रित नोंद होते. मूल्यांच्या जोड्यांची यादी १२व्या आवृत्तीत, तर सूत्रांवरची आकडेवारी १४व्या आवृत्तीत आली. कोणते कॉलम परस्परांत गुंतलेले आहेत हे डेटाबेस स्वतः शोधत नाही. ते त्या व्यवसायाची माहिती असलेल्या माणसालाच सांगावे लागते, आणि निगेतला हा भाग कोणत्याही वेळापत्रकावर सोपवता येणार नाही.

आता दुसरे काम. जुन्या हिशोबनीसांच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या नोंदीवर रेघ मारून ती तशीच ठेवत आणि दुरुस्त नोंद खाली नव्याने लिहीत. पोस्टग्रेसक्यूएल याच रीतीने लिहिते. ओळ बदलली की जुनी प्रत जागेवर राहते आणि नवी प्रत दुसरीकडे लिहिली जाते. ओळ काढून टाकली तरी ती फक्त 'गेली' अशी खूण घेऊन पडून राहते. त्यामुळे एक जण मोठा अहवाल वाचत असताना दुसरा त्याच ओळी बदलू शकतो आणि कोणालाच थांबावे लागत नाही. मूळ पोस्टग्रेस प्रकल्प मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू केला, तेव्हा तर जुन्या प्रती कायम जपून भूतकाळातली स्थिती विचारता यावी असाच बेत होता. व्हॅक्यूम हा शब्द तेव्हापासूनचा. जुन्या प्रती झाडून संग्रहात नेणाऱ्या प्रक्रियेला ते नाव होते. भूतकाळात डोकावण्याची सोय पुढे काढून टाकण्यात आली, पण झाडण्याचे काम उरले.

व्हॅक्यूम टेबल चाळते, कोणालाही आता दिसू शकणार नाहीत अशा प्रतींची यादी करते, प्रत्येक इंडेक्समधून त्यांच्याकडे नेणाऱ्या नोंदी काढते आणि मग ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करते. मोकळी झालेली जागा टेबलाकडेच राहते. शेवटची काही पाने पूर्ण रिकामी निघाली तरच ती ऑपरेटिंग सिस्टिमला परत जातात. म्हणून व्हॅक्यूम झाल्यावरही फाइलचा आकार तेवढाच दिसतो, आणि त्यात काही बिघाड नाही. वेळच्या वेळी झाडलेले टेबल एका आकारापर्यंत वाढून स्थिरावते. आकार खरोखर कमी करायचा तर व्हॅक्यूम फुल हा आदेश आहे. तो सगळे टेबल नव्याने लिहितो, तितकी जास्तीची डिस्क मागतो आणि संपेपर्यंत त्या टेबलात कोणाला वाचूही देत नाही. त्याला नित्य निगेत स्थान नाही. तो वारंवार लागत असेल तर साधे व्हॅक्यूम पुरेसे होत नाही असे समजावे.

या कामाचा ताण कमी करण्यासाठी वर्षानुवर्षे सुधारणा होत आल्या. ७.२ आवृत्तीपूर्वी साधे व्हॅक्यूमही टेबल अडवून धरत असे. २००८ मधल्या ८.३ आवृत्तीत एक महत्त्वाची युक्ती आली: बदललेल्या कॉलमांपैकी एकही इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी प्रत तिथेच ठेवली जाते आणि इंडेक्सला हात लावावा लागत नाही. सतत बदलणाऱ्या टेबलाची पाने मुद्दाम थोडी रिकामी ठेवण्याचा सल्ला यासाठीच देतात. व्हॅक्यूम आणखी एक नोंद ठेवते, कोणत्या पानावरच्या सर्व ओळी सर्वांना दिसतात याची. त्या नोंदीमुळे २०१२ पासून काही क्वेरी टेबलाला न शिवता फक्त इंडेक्स वाचून पुऱ्या होतात. फक्त भर पडणाऱ्या, कधीच न बदलणाऱ्या टेबलालाही त्यामुळे व्हॅक्यूम लागते. १३व्या आवृत्तीच्या आधी नुसत्या भर पडण्याने ते आपोआप होत नसे.

ही दोन्ही कामे माणसाने लक्षात ठेवून करण्याची गरज ऑटोव्हॅक्यूमने संपवली. ते २००५ मध्ये ८.१ आवृत्तीत मुख्य प्रोग्राममध्ये आले आणि ८.३ पासून मुळातच चालू असते. ते दर मिनिटाला जागे होते. टेबलातल्या मृत ओळी ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्क्यांपलीकडे गेल्या की व्हॅक्यूम, आणि बदललेल्या ओळी ५० अधिक १० टक्क्यांपलीकडे गेल्या की ॲनालाइझ. लहान टेबलांना हे प्रमाण ठीक लागू पडते. १० कोटी ओळींच्या टेबलाला मात्र १ कोटी ५० बदल होईपर्यंत नवी आकडेवारी मिळत नाही. दिवसाला ५० हजार ओळी बदलत असतील तर २०० दिवस. तेवढ्या काळात वर सांगितलेली 'फेरतपासणी'सारखी नवी स्थिती येऊन जुनीही होते. प्रमाण त्या टेबलापुरते १ टक्क्यावर आणले तर तेच काम २० दिवसांनी होते. मोठ्या टेबलांसाठी प्रमाण वेगळे लावणे ही बहुतेक ठिकाणी पहिली आणि सर्वांत फलदायी सुधारणा असते.

दुसरी बाब वेगाची. ऑटोव्हॅक्यूम चालू कामात अडथळा आणू नये म्हणून ते मोजूनमापून चालते. प्रत्येक मलिन केलेल्या पानाचे २० गुण; २०० गुण भरले की २ मिलिसेकंद विश्रांती. दर विश्रांतीमागे १० पाने, म्हणजे सेकंदाला फार तर ४० मेगाबाइट. १२व्या आवृत्तीपूर्वी विश्रांती २० मिलिसेकंद होती आणि वेग त्याच्या दशांश, ४ मेगाबाइट. शेकडो गिगाबाइटच्या टेबलावर त्या काळी व्हॅक्यूम दिवसेंदिवस का चालत असे, त्याचे उत्तर या भागाकारात आहे. हे गुण सगळ्या कामगार प्रक्रियांत वाटून जातात. मुळात तीन कामगार असतात. त्यांचे सहा केले आणि गुणांची मर्यादा तशीच ठेवली, तर प्रत्येकाचा वेग निम्मा होतो आणि हाती काहीच लागत नाही. तिसरी बाब स्मरणाची. १७व्या आवृत्तीपूर्वी एका मृत ओळीच्या नोंदीला ६ बाइट लागत. ६४ मेगाबाइटच्या मूळ मर्यादेत सुमारे १ कोटी ११ लाख नोंदी मावत. त्याहून अधिक निघाल्या की सगळे इंडेक्स पुन्हा पहिल्यापासून चाळावे लागत.

ऑटोव्हॅक्यूमचा भार जाणवला म्हणून ते बंद करण्याची सवय अजूनही आढळते, आणि हा या क्षेत्रातला सर्वांत महाग उपाय आहे. झाडण्याचे काम त्याने रद्द होत नाही, साचत जाते. टेबल फुगते, आकडेवारी थिजते, आणि पुढे कामाच्या ऐन वेळी सगळे एकदम करावे लागते. भार जाणवत असेल तर उलट दिशेने जावे: अधिक वेळा, थोडे थोडे.

पुरेसा वेग देऊनही व्हॅक्यूमला काहीच उचलता येत नाही अशी एक अवस्था आहे. कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडले आणि ते पूर्ण न करता तसेच सोडले, तर त्या ट्रान्झॅक्शनला दिसू शकतील अशा सगळ्या जुन्या प्रती जपून ठेवाव्या लागतात. विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट आणि दोन टप्प्यांच्या कमिटमध्ये पहिल्या टप्प्यावर अडकलेले ट्रान्झॅक्शनही हाच परिणाम करतात. व्हॅक्यूम येते, टेबल चाळते, आणि 'इतक्या मृत ओळी, पण अजून काढता येत नाहीत' एवढी नोंद करून जाते. मृत ओळींचा आकडा व्हॅक्यूमनंतरही खाली येत नसेल तर सेटिंग्ज बदलत बसण्याआधी सर्वांत जुने उघडे ट्रान्झॅक्शन शोधावे. रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला वेळेची मर्यादा घालण्याची सोय ९.६ आवृत्तीपासून आहे. मुळात ती बंद असते.

व्हॅक्यूमचे तिसरे काम पुढे ढकलण्याला मात्र ठरलेली मुदत आहे. लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनला ३२ बिटांचा क्रमांक मिळतो. असे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक आहेत. ते घड्याळाच्या तबकडीसारखे फिरतात: कोणत्याही क्रमांकाच्या मागचे सुमारे २१४ कोटी हा भूतकाळ आणि पुढचे तेवढेच भविष्य. एखादी जुनी ओळ या सीमेपलीकडे गेली तर ती भविष्यातली ठरून दिसेनाशी होईल. म्हणून व्हॅक्यूम जुन्या ओळींवर 'कायमची जुनी' अशी खूण करते, ज्याला फ्रीझ म्हणतात. सेकंदाला एक हजार लेखन-ट्रान्झॅक्शने होत असतील तर २१४ कोटींची वाट सुमारे २५ दिवसांत सरते. टेबलाचे वय २० कोटी झाले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेले असले तरीही या कामासाठी सुरू होते. १४व्या आवृत्तीपासून वय १६० कोटींच्या पुढे गेल्यास व्हॅक्यूम विश्रांती आणि इंडेक्सची सफाई सोडून फक्त फ्रीझवर भर देते. ४ कोटी क्रमांक उरले की इशारे लॉगमध्ये दिसू लागतात. ३० लाखांहून कमी उरले की डेटाबेस नवे लेखन नाकारतो. हा धोका पुस्तकी नाही. सेन्ट्री या सेवेने २०१५ मध्ये आणि मेलचिंपच्या मॅन्ड्रिलने २०१९ मध्ये याच कारणाने सेवा खंडित झाल्याचे स्वतः जाहीर केले, आणि त्या प्रांजळ वृत्तांतांमुळे इतरांना वेळीच सावध होता आले. अशा वेळी डेटाबेस थांबवून एकट्या वापरकर्त्याच्या अवस्थेत न्यावा हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. अडवून धरणारे जुने ट्रान्झॅक्शन किंवा स्लॉट काढून साधे व्हॅक्यूम चालवणे पुरते.

इंडेक्सची निगा तुलनेने थोडी. बी-ट्रीची पूर्ण रिकामी झालेली पाने पुन्हा वापरली जातात, पण प्रत्येक पानावर दोन-चार नोंदी उरल्या तर ती पाने एकत्र होत नाहीत आणि इंडेक्स विरळ होत जातो. १२व्या आवृत्तीपासून तो लेखन न अडवता नव्याने बांधता येतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना मात्र खास काळजी हवी. लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेले मजकुराचे इंडेक्स त्या सिस्टिमवर नेले की असलेली ओळही सापडेनाशी होऊ शकते. असे इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय वापरू नयेत.

ऑटोव्हॅक्यूम जिथे पोहोचत नाही अशा जागा थोड्या आहेत, पण त्या नेमक्या ठाऊक असाव्या लागतात. तात्पुरती टेबले ज्या सत्रात तयार होतात त्या सत्रालाच दिसतात. त्यांत लाखो ओळी भरून लगेच जॉइन करायचा असेल तर मधे ॲनालाइझ स्वतः लिहावे लागते. पार्टिशन केलेल्या टेबलाचे तुकडे आपोआप तपासले जातात, पण सर्व तुकड्यांची मिळून जी आकडेवारी मूळ टेबलावर लागते ती आपोआप निघत नाही. तिचे वेळापत्रक हाताने लावावे लागते. रात्री एकदम मोठी भर पडणाऱ्या टेबलावर भर संपताच त्याच कामाचा भाग म्हणून ॲनालाइझ ठेवावे, पुढच्या मिनिटाची वाट पाहू नये. प्रत्येक टेबलावर शेवटचे व्हॅक्यूम आणि ॲनालाइझ केव्हा झाले, त्यानंतर किती ओळी बदलल्या आणि मृत ओळी किती आहेत, हे पीजी स्टॅट यूजर टेबल्स या दृश्यात दिसते. आठवड्यातून एकदा ते उतरत्या क्रमाने पाहिले तरी बहुतेक दुर्लक्षित टेबले नजरेस येतात.

शेवटची अशी जागा म्हणजे आवृत्तीचा बदल. पीजी अपग्रेडने डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेताना १७व्या आवृत्तीपर्यंत ओळी जात, आकडेवारी जात नसे. नवा डेटाबेस उघडला की प्लॅनर एक तृतीयांशासारख्या मूळ अंदाजांवर चालू लागे, आणि सकाळची गर्दी त्याच अवस्थेत सुरू झाली तर अपग्रेड फसला असा समज होई. त्यासाठी व्हॅक्यूमडीबीमध्ये टप्प्याटप्प्याने ॲनालाइझ करण्याची सोय आहे: आधी मर्यादा १ ठेवून घाईघाईचे चित्र, मग १०, मग पूर्ण. २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून कॉलमांची आकडेवारी डेटाबेससोबत नव्या घरी जाते. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने मागवलेली विस्तारित आकडेवारी त्या आवृत्तीतही जात नाही. ती वापरणाऱ्या टेबलांवर ॲनालाइझ चालवूनच डेटाबेस वापरकर्त्यांसाठी खुला करावा.